छपराखालची मॅरेथॉन



तुमच्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींनी खळ्यावरची मळणी पाहिली असेल. मधोमध तिवडा रोवलेला, त्याला बैलांची पात बांधलेली आणि सकाळपासून बैल गोल गोल फिरताहेत. दिवस मावळताना त्यांच्या चालीचा हिशेब कोणी केला असता, तर काही कोस सहज भरले असते. आणि बैल तर खळ्याच्या बाहेर गेलेले नसत! म्हणजे अंतर कापायला परगावी जावेच लागते असे नाही. एका जागी फिरूनही अंतर कापता येते. फक्त फेरा किती हाताचा आणि फेरे किती झाले, एवढे चोख मोजावे लागते.

आज तुम्हाला ज्या शर्यतीची गोष्ट सांगायची आहे, ती अशीच तिवड्याभोवतीच्या फेऱ्यांसारखी आहे. मॅरेथॉन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लांबच लांब सडक येते. पण हीच मॅरेथॉन छपराखाली, एका मोठ्या दालनात, २०० मीटरच्या गोल पट्टीवरही धावतात. एकदोन नव्हे, तब्बल २११ फेऱ्या!

आता तुम्ही म्हणाल, हे शहरी खूळ आमच्या काय कामाचे? सांगतो. आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, पहाटे पाच वाजता कुठल्याही हमरस्त्याला जाऊन उभे राहा. नगर–मनमाड रस्ता घ्या, सोलापूरचा घ्या, पुण्याचा घ्या. अंधारात पोरे धावताना दिसतील. कोणी पोलीस भरतीसाठी, कोणी फौजेसाठी. हल्ली मुलीही आहेत, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु धावायला हवा उत्तम केव्हा? दिवाळीनंतर, थंडी पडली म्हणजे. आणि नेमक्या त्याच महिन्यांत साखर कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असतो. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला, मागोमाग जिल्हाभर कारखाने झाले. त्यामुळे थंडीच्या ह्या दिवसांत रात्रंदिवस उसाचे ट्रॅक्टर रस्त्याने चाललेले असतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबलेला, मागचा दिवा असला तर असला. त्यात धुके. अशा रस्त्याच्या कडेने आपले पोर धावत असते, आणि घरी आई त्याची पावले दारात वाजेपर्यंत चुलीपुढे बसून असते.

म्हणून ही गोष्ट. रस्ता सोडूनही धावता येते, आणि लांबातली लांब शर्यतसुद्धा चार भिंतींच्या आत पुरी होते, हे एकदा मनात उतरले, म्हणजे पहाटेच्या अंधारात सडकेवर जाण्याची गरज उरत नाही.

प्रथम मॅरेथॉन म्हणजे किती, ते पाहू. बेचाळीस किलोमीटर आणि वर १९५ मीटर. हे वरचे १९५ मीटर कुठून आले? पहिल्या काही ऑलिंपिकमध्ये ही शर्यत साधारण चाळीस किलोमीटरची असे, नेमके अंतर ठरलेले नव्हते. १९०८ साली लंडनला सामने झाले. शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून क्रीडांगणात राजघराण्याच्या बैठकीसमोर संपवायची, असे ठरले. ते भरले २६ मैल ३८५ यार्ड, म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. पुढे १९२१ साली जागतिक संघटनेने हेच अंतर कायम केले. एका राजवाड्याच्या सोयीने पडलेले माप आज साऱ्या जगाला लागू आहे!

त्या लंडनच्या शर्यतीत आणखी एक प्रकार घडला. दोरांदो पिएत्री नावाचा इटालियन धावपटू सर्वांच्या आधी क्रीडांगणात शिरला. पण त्याचे भान हरपले होते. तो उलट्या दिशेला वळला, पुनःपुन्हा कोसळला. पंचांना राहवले नाही. त्यांनी त्याला हात देऊन उठवले आणि रेषेपार नेले. नियम तो नियम. दुसऱ्याची मदत झाली म्हणून तो बाद ठरला, आणि मागून आलेला अमेरिकेचा जॉनी हेज विजेता झाला. पण लोकांच्या मनात राहिला तो पिएत्रीच.

मग अमेरिकेतल्या हिकमती लोकांनी विचार केला, ह्या दोघांची पुन्हा गाठ घालून दिली तर? हिवाळ्याचे दिवस होते. रस्त्यावरची शर्यत असली की तिकीट लावता येत नाही, आणि प्रेक्षकाला धावपटू दिसतो तो क्षणभरच. म्हणून २५ नोव्हेंबर १९०८ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन ह्या मोठ्या सभागृहात, छपराखाली, ही जोडी धावली. मैलाला दहा फेऱ्या, म्हणजे पुऱ्या शर्यतीला २६२ फेऱ्या. सभागृह माणसांनी गच्च भरलेले, त्यांच्या विड्या-चिरुटांचा धूर कोंडलेला. त्या हवेत दोघे पावणेतीन तासांच्या आसपास फिरत राहिले, आणि ह्या खेपेला पिएत्री जिंकला.

पुढच्याच वर्षी, १८ डिसेंबर १९०९ रोजी, लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये पिएत्रीची गाठ गार्डनर नावाच्या इंग्रज धावपटूशी पडली. हा हॉल मुळात गाण्या-बजावण्याचा. तिथली पट्टी इतकी तोकडी की फेऱ्या किती? ५२४! आणि पायाखाली काय अंथरले होते? काथ्याच्या चटया. आपण दारात पाय पुसायला टाकतो ना, त्याच जातीच्या. त्या दिवशी पिएत्रीला शेवटच्या टप्प्यात शर्यत सोडावी लागली आणि गार्डनर जिंकला.

तेव्हा छपराखालची मॅरेथॉन काही आजची नाही. मधल्या काळात ती मागे पडली खरी. पण न्यूयॉर्कच्या आर्मरी नावाच्या क्रीडागृहात २०१६ साली २०० मीटरच्या पट्टीवर अशी शर्यत झाली. आपल्या देशातही भुवनेश्वरला कलिंग क्रीडासंकुलात छपराखालची २०० मीटरची धावपट्टी उभी राहिली आहे. आणि २०२० च्या मार्च महिन्यात, महामारीने साऱ्या जगाला घरात कोंडले असताना, फ्रान्समधल्या एका माणसाने आपल्या घराच्या सात मीटरच्या गच्चीत येरझाऱ्या घालून पुरी मॅरेथॉन केली. सात मीटर म्हणजे आपल्या ओसरीएवढी जागा!

आता आपल्या माणसांकडे वळू. १९१९ च्या सुमारास पुण्याला डेक्कन जिमखान्याचे क्रीडासामने झाले. सर दोराबजी टाटा त्या वेळी अध्यक्ष होते. खेड्यापाड्यांतली शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावली. शास्त्र ठाऊक नाही, सराव नाही, आणि तरी त्यांचा वेग पाहून टाटांच्या मनात आले, ही पोरे ऑलिंपिकला का जाऊ नयेत? ह्याच वेळची एक गंमत सांगतात. शंभर मीटरच्या शर्यतीला पात्र ठरायला किती वेळ धरावा, असे विचारले तेव्हा समितीतले एक सभासद म्हणाले, 'एक-दोन मिनिटे!' ती शर्यत दहा-बारा सेकंदांत संपते, हे ऐकून ते थक्कच झाले. म्हणजे पाहा, आपल्याकडे पाय होते, दम होता. नव्हते ते माप.

त्यातूनच १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला आपले खेळाडू गेले. मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले धावले. ती शर्यत नेहमीपेक्षाही लांब, सुमारे पावणेत्रेचाळीस किलोमीटरची होती. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पोहोचले आणि जगात एकोणिसावे आले. हा वेग डोळ्यांपुढे आणायचा तर २०० मीटरच्या फेरीचा हिशेब लावा. चौगुल्यांची एक फेरी सुमारे ४८ सेकंदांची, आणि अशा दोनशेच्या वर फेऱ्या, ओळीने.

आणि अलीकडचे उदाहरण तर आपल्या शिवेलगतचेच आहे. नगरला लागून असलेल्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे अविनाश साबळे. लहानपणी शाळेला सहा किलोमीटर जावे लागे. पुढे फौजेत गेले, २०२३ साली आशियाई स्पर्धेत ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवले. त्याआधी २०२० साली दिल्लीला ते अर्धी मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत धावले होते. आपल्या मापाने एक फेरी साडेचौतीस सेकंदांच्या आत. जवळपास हाच वेग केनियाच्या केल्विन किपटमने २०२३ साली शिकागोला दुप्पट अंतरभर राखला: २ तास ३५ सेकंद. तुमच्या शाळेच्या मैदानावर एका मुलाला २०० मीटर जीव तोडून पळवा आणि घड्याळ पाहा. मग कळेल, साडेचौतीस सेकंद म्हणजे काय.

आता मुख्य प्रश्न. सडकेवर धावणे आणि बंदिस्त पट्टीवर फेऱ्या मारणे ह्यांत फरक काय पडतो? तीन फरक पडतात.

पहिला फरक वळणाचा. एका फेरीत दोन वळणे, म्हणजे २११ फेऱ्यांत ४२२ वळणे. आणि सगळी डावीकडे! वळताना अंग आत झुकवावे लागते. जत्रेतल्या मौत का कुआँमध्ये मोटारसायकलवाला कसा आडवा होतो, ते आठवा. तसे नव्हे, पण त्याच कारणाने. चार तासांत मॅरेथॉन पुरी करणारा माणूस अशा वळणावर जेमतेम तीन अंश झुकतो. किपटमच्या वेगाने धावणारा बारा अंश झुकेल. म्हणून भरधाव पळणाऱ्यांसाठी छपराखालच्या पट्टीची वळणे घाटातल्या रस्त्यासारखी बाहेरून उचललेली असतात. आपल्यासारख्याला सपाट जमीन पुरते. मात्र आतल्या आणि बाहेरच्या पायावर सारखा भार येत नाही. कित्येक तास चालणाऱ्या गोल पट्टीवरच्या शर्यतींत मध्येच सर्वांची दिशा उलटी करतात, ती ह्यासाठीच. सरावात तुम्हीही तसेच करा. आज डावीकडून फिरलात, तर उद्या उजवीकडून.

दुसरा फरक हवेचा. साठ किलो वजनाचा माणूस मॅरेथॉनमध्ये सुमारे अडीच हजार किलोकॅलरी शक्ती खर्च करतो. तिच्यातली पाऊण शक्ती नुसती उष्णता होऊन जाते. ती उष्णता घाम वाळून बाहेर पडते. माठातले पाणी वाऱ्याच्या ओट्यावर गार होते आणि कोंदट खोलीत तितके होत नाही, तेच आपल्या अंगाचे. धावणाऱ्याला स्वतःच्या वेगाचा वारा लागतो खरा; पण बंद दालनात घामाची वाफ साठत जाते आणि अंग तापते. म्हणून छपराखाली धावायचे तर खिडक्या-दारे सताड उघडी हवीत, जमिनीवर धूळ नको, आणि पाणी हाताशी हवे.

तिसरा फरक मनाचा. सडकेवर झाड मागे पडते, गाव मागे पडते, मनाला वाटते पुढे चाललो. इथे तीच भिंत, तोच खांब, पुन्हा तीच भिंत. म्हणून जाणकार धावणारा दोनशे अकरा असे मनात आणतच नाही. तो दहा-दहांची गाठ मारतो. ज्यांच्या हातात जपमाळ फिरलेली आहे, त्यांना हे सांगायला नको. माळेत मणी १०८. दोन माळा म्हणजे २१६. आपली मॅरेथॉन दोन माळांपेक्षा पाच मणी उणी! मणी सरकतो तशी फेरी सरकवायची. एका गोष्टीत तर गोल पट्टीचा लाभच आहे. दर फेरीला पाणी मिळते, दर फेरीला गुरुजींची नजर पडते, आणि पाय मुरगळला तर माणूस घरापासून वीस किलोमीटरवर अडकून पडत नाही.

मग अशी पट्टी आपल्या गावात आखायची कशी? छप्पर आपल्याला मिळो न मिळो, फेरा मात्र मिळतो. ८६ मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद, म्हणजे साधारण एकतीस गुंठे सपाट, मोकळी जागा हवी. गुरुजी, आता कागद-पेन्सिल घ्या.

प्रथम ५० मीटर लांब आणि ३१ मीटर ४४ सेंटिमीटर रुंद असा चौकोन दोरीने आखा. कोपरे काटकोनात आहेत ना, हे गवंडी पाहतो तसे पाहा: एका बाजूला ३ मीटर, दुसऱ्या बाजूला ४ मीटर मोजले, तर तिरके अंतर ५ मीटर भरले पाहिजे. शिवाय चौकोनाचे दोन्ही कर्ण ५९ मीटर ६ सेंटिमीटरच्या आसपास आणि एकमेकांसारखे यायला हवेत. मग दोन्ही आखूड बाजूंच्या मध्यावर एकेक खुंटी ठोका. खुंटीला १५ मीटर ७२ सेंटिमीटर लांबीची, न ताणणारी दोरी बांधा आणि बाहेरच्या अंगाने अर्धवर्तुळ काढा. फक्की टाका. चौकोनाच्या दोन लांब बाजू आणि ही दोन अर्धवर्तुळे मिळून झाली पट्टीची आतली रेघ.

इथे एखादा हुशार विद्यार्थी विचारील, 'गुरुजी, ही रेघ तर २०० मीटर भरत नाही!' शाबास म्हणा त्याला. माणूस रेघेवरून धावत नाही, रेघेच्या थोडा बाहेरून धावतो. म्हणून रेघेपासून २० सेंटिमीटर बाहेर अंतर धरतात, असा नियमच आहे. तिथे त्रिज्या १५ मीटर ९२ सेंटिमीटर होते, अर्धवर्तुळ ५० मीटरचे भरते, आणि ५० चोक २०० होतात.

आणखी एक हिशेब मुलांना करायला द्या. एखादा मुलगा रेघेपासून एक मीटर जास्त बाहेरून पळत राहिला, तर दर फेरीला त्याला किती जास्त पळावे लागेल? उत्तर येते सव्वासहा मीटरच्या थोडे वर. २११ फेऱ्यांत हे सव्वा किलोमीटरहून जास्त होते! वर्तुळाच्या परिघाचे सूत्र फळ्यावर दहा वेळा लिहून जे कळत नाही, ते पायांना एका सकाळी कळते.

जागा वेड्यावाकड्या आकाराची असेल तरी अडत नाही. सायकलच्या चाकाच्या धावेवर एक खूण करा, चाकाचा एक पुरा वेढा जमिनीवर किती सेंटिमीटर होतो ते टेपने मोजा, आणि सायकल हळू चालवत नेऊन वेढे मोजा. हसू नका! जगातल्या मोठ्या मॅरेथॉनचे रस्ते आजही अशाच, आधी पारखून घेतलेल्या सायकलने मोजतात. आणि मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून हजारी एक मीटर वर धरतात. आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्याचा घेर जुन्या गॅझेटियरात एक मैल ८० यार्ड दिलेला आहे. त्या मापाने किल्ल्याला पंचवीस वेढे घातले की जवळपास मॅरेथॉन भरते. मापाचा फेरा कोणताही चालतो. माप मात्र खरे पाहिजे.

आता फेऱ्या मोजणे. सगळ्या खेळाचा प्राण इथे आहे. धावणाऱ्याने स्वतः मोजायचे नाही. दमलेला माणूस चुकतो, आणि चुकतो तो बहुधा आपल्या सोयीचा. दर धावणाऱ्यामागे एक मोजणारा बसवा. ४२,१९५ मीटर म्हणजे २०० मीटरच्या २१० फेऱ्या आणि वर १९५ मीटर. म्हणून सुरुवातीची रेघ शेवटच्या रेघेच्या पाच मीटर पुढे आखायची. मग शेवटची रेघ बरोबर २११ वेळा ओलांडली की शर्यत पुरी. मोजणाऱ्याने कागदावर २११ घरे आखावीत आणि दर फेरीला नुसती फुली न मारता घड्याळातली वेळ लिहावी. का? चार तासांच्या चालीने एका फेरीला सुमारे ६८ सेकंद लागतात. मध्येच एखाद्या घरात सव्वादोन मिनिटे दिसली, तर समजावे की एक फेरी लिहायची राहिली. आणि एखादे घर अर्ध्याच वेळात भरलेले दिसले, तर फुकटची फेरी चढली. नुसती फुली चूक झाकते. वेळ चूक बोलून दाखवते. पाणीवाटपाच्या पाळ्या जे लिहितात, त्यांना हे पटेल.

भरतीच्या उमेदवारांना ही पट्टी फारच सोयीची. महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते, म्हणजे आठ फेऱ्या. मुलींना ८०० मीटर, म्हणजे चार फेऱ्या. दर फेरीची वेळ कळली, की पहिल्या दोन फेऱ्यांत जीव काढून पुढे धापा टाकण्याची खोड जाते. सडकेवर मैलाच्या दगडाशिवाय दुसरे माप नसते. इथे दर २०० मीटरला घड्याळ खरे सांगते.

दोन शब्द जपण्याविषयी. पुरी मॅरेथॉन हे वाढत्या वयाच्या मुलांचे काम नव्हे. वयात आलेल्यांनीही कित्येक महिने हळूहळू अंतर वाढवीत जावे, आणि आधी डॉक्टरांना दाखवून घ्यावे. अंगात साठवलेली साखर सुमारे तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत पुरते. तिथे भलेभले बसकण मारतात. म्हणून वाटेत थोडे थोडे खावे-प्यावे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे, सपाट भरलेले. वर हवे तर लिंबू. मीठ ह्याहून जास्त नको. तहानेपुरते प्यावे. नुसते पाणी घटाघट ढोसत राहिल्यानेही रक्तातले मीठ उतरून माणूस दगावू शकतो. छातीत कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, बोलणे अडखळू लागले, तर त्याच क्षणी थांबावे आणि दवाखाना गाठावा. पिएत्रीची गोष्ट कौतुकाची खरी. पण ती नक्कल करण्याची नाही.

मग शाळेतल्या मुलांनी काय करायचे? त्यांच्यासाठी एक सुंदर हिशेब आहे, तो सांगून मी आपली रजा घेतो. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि १९५ मीटर. वर्गातली ४२ मुले-मुली घ्या. प्रत्येकाने पाच फेऱ्या, म्हणजे एक किलोमीटर धावायचे आणि हातातली काठी पुढच्याच्या हाती द्यायची. पहिला सकाळी साडेसहाला निघाला आणि प्रत्येकाला सहा-सात मिनिटे लागली, तर अकरा-साडेअकराच्या सुमाराला बेचाळिसावा परत येतो. उन्हाळ्यात हे करू नका. मार्गशीर्ष-पौषातली थंडीची सकाळ निवडा. ज्याला धावता येत नाही, त्याच्या हाती वही आणि घड्याळ द्या. मोजणी त्याच्याकडे, म्हणजे शर्यतीचा न्याय त्याच्याकडे.

बेचाळीस मुलांचे बेचाळीस किलोमीटर झाले. उरले किती? १९५ मीटर, एका फेरीला पाच मीटर कमी. ते कोणी धावायचे? गुरुजी, ते तुम्ही धावायचे. धोतराचा काचा मारून म्हणा, की पॅन्ट दुमडून म्हणा. सारी शाळा पट्टीच्या कडेला ओरडत उभी असेल, आणि तुमचा एकही विद्यार्थी त्या सकाळी सडकेवर गेलेला नसेल.